पडद्याआडचं ‘आय बिलीव्ह’

“आय डोन्ट बिलीव्ह!” मेण्यातून उतरता उतरताच उदाजीराजे गरजले.

झालं होतं असं, की कुस्त्यांचा फड संपला, पैलवान आंघोळी करून जेवायला बसले, तेव्हा कुठे राजांचा मेणा मैदानात पोचला! पुढचा भोई हरबा हात जोडून म्हणाला, “सरकार, नदीला पूर होता. लांबच्या वाटेनं यावं लागलं.”

“पूर? मला तर दिसला नाही!”

दिसणार कसा? उंचावरून खाली बघितलं की राजांना गरगरायचं, म्हणून मेण्याचे पडदे कायम बंद! पण हे बोलणार कोण? त्यात इंग्रजी शिकवायला आलेल्या नव्या मास्तरांनी राजांना ‘बिलीव्ह’ शब्द शिकवून ठेवलेला. बिलीव्ह म्हणजे न बघताही खरं मानणं. राजांना त्यातलं ‘डोन्ट’ तेवढं भारी आवडलं. राणीसाहेब म्हणाल्या, डोकं दुखतंय. आय डोन्ट बिलीव्ह! आचारी म्हणाला, भात अजून शिजला नाही. आय डोन्ट बिलीव्ह! आणि बसले कचाकचा कच्चा भात चावत!

“आजपासून हुकूम!” राजे म्हणाले. “आपल्या संस्थानात डोळ्यांना दिसेल तेच खरं. दुसऱ्याच्या सांगण्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही! आणि हरब्या, उद्या ताईसाहेबांकडे बारशाला जायचंय. तिथं पोचायच्या आत, मला काहीही न दाखवता, माझ्या तोंडून ‘आय बिलीव्ह’ काढून दाखव. नाही जमलं, तर चंबूगबाळं उचल आणि संस्थानाबाहेर चालता हो!”

घरी आल्यावर हरबाच्या घशाखाली घास उतरेना. बाप-आजा याच मेण्याखाली राबलेले. आता या वयात गाव सोडून जायचं कुठं?

त्याची लेक सगुणा भोयांना पाणी द्यायला रोज मेण्याबरोबर चालायची. तिनं विचारलं, “आबा, हुकूम सगळ्यांनाच लागू ना?”

“सगळ्यांना.”

“मेण्यामागच्या भोयांनासुद्धा?”

“त्यांनासुद्धा.”

“मग जेवा पोटभर!” सगुणा म्हणाली आणि मागच्या भोयांच्या घरी पळाली.

आता मेण्याची एक रीत आहे. मागच्या भोयांना समोर नुसता मेणा दिसतो, वाट दिसतच नाही. पुढचा ओरडतो, ‘डावीकडं दगड’, ‘पुढं खड्डा’, आणि मागचे त्याच्या बोलावर पाय टाकतात.

सकाळी मेणा निघाला. हरबानं हाक दिली, “डावीकडं दगड!”

मागून गेनू ओरडला, “थांबा! मेणा खाली ठेवा!” तो पुढे आला, वाकून दगड बघितला, हात लावून बघितला. मग जोडीदाराला हाक मारली, “ये रे शिवा, दगडच आहे!” शिवाही बघून गेला. मेणा उचलला. जरा पुढे जातात तोच, “पुढं खड्डा!” की पुन्हा मेणा खाली!

“अरे, काय चाललंय काय?” पडद्याआडून राजे ओरडले.

“हुकूम पाळतोय, सरकार!” सगुणा म्हणाली. “डोळ्यांना दिसेल तेच खरं.”

घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ऊन चढलं. तिकडे ताईसाहेबांकडे बासुंदी आटत होती, इकडे राजांच्या पोटात कावळे ओरडत होते. शेवटी राजांचा धीर सुटला. “अरे गाढवांनो, तो सांगतोय ना खड्डा आहे म्हणून! मुकाट चाला!”

“म्हणजे हुकूम मागं घेतला, सरकार?”

“घाट संपेपर्यंत घेतला! चला!”

मग कुठे मेणा भराभर घाट चढू लागला. वाट अरुंद झाली आणि हरबा ओरडला, “जपून! उजवीकडं दरी! सरकार, अजिबात हलू नका!”

आत राजे जागच्या जागी थिजले. सगुणा पडद्याजवळ गेली. “सरकार, एवढे गप्प का?”

“दरी आहे ना, बये!”

“बघितली कुणी?”

“तुझा बाप सांगतोय की!”

“ते तर कालपासून खोटारडे! थांबा, मी पडदा उघडते. तुमच्या डोळ्यांनीच बघा केवढी खोल—”

“नको! नको! पडद्याला हात लावू नकोस!”

“मग न बघताच खरं मानायचं?”

“मानलं! आय बिलीव्ह! आय बिलीव्ह!”

राजे इतक्या जोरात ओरडले, की दरीतूनही उत्तर आलं, “बिलीव्ह… बिलीव्ह…!”

मग मेण्यातून खो खो हसू फुटलं आणि मेणा गदागदा हलायला लागला.

“सरकार, हसा,” हरबा कळवळून म्हणाला, “पण जरा सपाटीला लागल्यावर!”

सपाटीवर राजांनी स्वतः पडदा सारला आणि डोळे पुसत खाली उतरले. “हरबा, तुझा पूरही खरा आणि तूही खरा! मेणा तुझाच. आणि पोरी, परत गेल्यावर नदीकाठची आमराई तुला दिली!”

सगुणानं पदर सावरला. “रागावणार नसाल तर एक बोलू, सरकार?”

“बोल की!”

“आय डोन्ट बिलीव्ह!”

हरबानं घाईघाईनं हात जोडले. पण राजे असे हसले, असे हसले, की पागोटं घसरून नाकावर आलं! बोटातली अंगठी काढून त्यांनी सगुणाच्या हातावर ठेवली. “घे! आमराई डोळ्यांनी बघेपर्यंत ही जवळ ठेव. आणि चला आता, बासुंदी संपली म्हणून कुणी सांगितलं, तर मात्र मी अजिबात बिलीव्ह करणार नाही!”