सुईणीची सायकल

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ मुलखात राजा होता, प्रजा होती आणि सायकलीही होत्या. इतक्या जुन्या काळी सायकली कुठून आल्या, असं विचारू नका. ज्या गोष्टीत शेळी बोलते, तिथे सायकलीनेच आपलं काय घोडं मारलंय?

त्या मुलखात एक सुईण राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. आक्का दारात दिसली की निम्म्या कळा कमी होतात, असं पंचक्रोशीतल्या बाया सांगायच्या. निरोप आला की ती हातातलं काम टाकून सायकलवर टांग मारायची.

सायकल होती शर्यतीची, राजवाड्यातून टाकून दिलेली. सांगाडा हलका आणि दणकट, पण गिअर पार झिजलेले. ऐन चढावर चेन घसरायची. तिकडे बाई अडलेली आणि इकडे आक्का घामाघूम होऊन चेन चढवतेय! शेवटी एका दुपारी तिने पदर खोचला आणि सायकल अंगणात उलटी केली.

गिअर काढले, त्यांच्या तारा आणि खटके काढले. नवी चेन आणली आणि मागच्या चाकाला एकच दातेरी चकती पक्की बसवली. आता चाक फिरलं की पेडल फिरणारच, आणि पायांनी पेडल रोखलं की चाकही थांबणार. आक्काने एक चक्कर मारली. सायकल अशी पळाली की ती स्वतःशीच हसली.

मग तिला काढण्याची चटकच लागली. मडगार्ड गेलं, घंटी गेली. शेवटी पाना ब्रेकला लागला, तेव्हा खुंटाला बांधलेल्या शेळीला राहवेना.

"आक्का, तो राहू दे की."

"कशाला? थांबायला माझे पाय आहेत."

"आणि चेन उतरली तर?"

"चांगली ताणून बसवलीय मी."

"नवी चेन सैल पडते, बाई. मी चार पायांची, तरी उतारावर पाय रोवायला जागा बघूनच उडी मारते."

"तू आपला पाला खा," आक्का म्हणाली आणि तिने ब्रेक अडगळीत टाकला.

काही दिवस मोठे मजेत गेले. सायकल पळत होती आणि आक्का शेळीला मुद्दाम हिणवत होती. चेन तपासायचं मात्र तिच्या मनातही आलं नाही.

मग एका सकाळी खिंडीपलीकडच्या वाडीतून निरोप आला. कुंभाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पोरीचं पहिलंच बाळंतपण, आणि तिला आई नव्हती. "मी असेनच तुझ्याजवळ," असा शब्द आक्काने तिला दिला होता.

चढ तिने एका दमात पार केला. खिंडीतून वाडीची कौलं दिसली. उतार लागला, सायकलने वेग घेतला आणि सैल पडलेली चेन खट्‌कन उतरली. आक्काने पाय रोखले. पेडल थांबलं, पण चाक पळतच राहिलं. पुढच्या वळणावर ती सायकलसकट करवंदीच्या जाळीत गेली.

पाय मुरगळला होता, हात काट्यांनी सोलवटले होते. सायकल तिथेच टाकून ती लंगडत खाली निघाली. वाटेत एकदाही थांबली नाही.

ती पोचली तेव्हा बाळ रडत होतं. शेजारच्या म्हातारीने कसंबसं निभावून नेलं होतं. बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप होती. कुंभाराची सून घामाने भिजून पडली होती. आक्काला पाहून तिचे डोळे भरून आले.

"आक्का, मी सारखी दाराकडे बघत होते हो," ती म्हणाली.

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काट्यांनी सोलवटलेले हात धुऊन तिने बाळाला उचललं आणि ती पोरीच्या उशाशी बसली.

पाय बरा झाल्यावर आक्काने गिअर काही परत लावले नाहीत. ब्रेक मात्र लावला, आणि निघण्याआधी चेन बोटाने दाबून पाहायची सवय लावून घेतली. त्या पोरीचं पहिलं बाळंतपण मात्र आक्काविनाच झालं, ते काही पुन्हा येणार नव्हतं.

ओझं खुशाल उतरवावं, पण वेळेला सावरणाऱ्या वस्तूला ओझं समजू नये.