खिंडीपलीकडचं ऊन

ढग जिथे न विचारता घरात शिरतात, अशा एका घाटमाथ्यावरच्या गावात एक सासू राहत होती. नवरा देवाघरी गेलेला, एकुलता एक मुलगा, दारात तुळस आणि देव्हाऱ्यात अखंड दिवा. आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्या गावाला ऊन म्हणून दिसायचं नाही. धुकं खिडकीतून यायचं, चुलीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत फिरायचं. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळायचे, म्हणून सगळ्या गावाच्या अंगाला धुराचा वास. पण सासूला वर्षातले हेच दिवस सगळ्यात प्रिय. गारव्यात तिला हुरूप यायचा, आणि धुक्यात बसून वाती वळताना देव अगदी शेजारी येऊन बसल्यासारखा वाटायचा.

मुलाचं लग्न माघात झालं. सून आली ती खालच्या काळ्या मातीच्या मुलखातून. तिथे घराघराच्या धाब्यावर मिरच्या वाळायच्या आणि पावसाळ्यातसुद्धा घटकाभर तरी ऊन पडायचंच. सून हसरी होती, बोलकी होती, जात्यावर बसली की ओव्या गायची. तिचं एक व्रत होतं, लहानपणी आईबरोबर घेतलेलं. सकाळी सूर्यनारायणाचं दर्शन घ्यायचं, अर्घ्य द्यायचं, मगच तोंडात घास घालायचा. माहेरी हे व्रत तिला कधी जड गेलं नव्हतं.

आषाढ लागला आणि सूर्य दिसेना. पहिल्या दिवशी सून संध्याकाळपर्यंत वाट बघत राहिली आणि तशीच झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूचा जीव खालीवर झाला. ती देवळात गुरवांकडे गेली.

गुरव म्हणाले, "तिला सांग, पाटावर रक्तचंदनाने सूर्य काढ, त्याला अर्घ्य दे आणि जेव. ढगांच्या वर तो आहेच की. आपल्याला दिसला नाही म्हणून त्याने उगवायचं थोडंच सोडलंय?"

सून ऐकणारी होती. रोज सकाळी पाटावर सूर्य काढू लागली, जेवू लागली. सासूच्या जिवात जीव आला.

पण पोट भरलं तरी सून कोमेजतच गेली. ओव्या थांबल्या. आमटीत कधी मीठ नाही, तर कधी दोनदा. हाक मारली की दचकायची. चुलीपुढे बसायची आणि जाळ विझला तरी तिथेच बसून राहायची. सासूने नाचणीचे लाडू करून दिले, आपली नवी वाकळ तिच्या अंगावर घातली. सून लाडू खायची, वाकळ पांघरायची आणि वाकळीत तोंड लपवून रडायची.

एक दिवस सासूचाही धीर सुटला. "काय कमी आहे गं तुला इथे? माझ्या हातून काही राहिलं का?"

"काही नाही, आत्याबाई. सगळं आहे. मलाच काय होतंय ते कळत नाही. देवाचं काहीतरी चुकलं असेल माझ्याकडून."

आणि चुकलंय असं मनात बसल्यावर तिने स्वतःलाच शिक्षा लावून घेतली. आधी मीठ सोडलं. मग गूळ सोडला. मग एकभुक्त राहू लागली. जितकं सोडत गेली तितकी वाळत गेली, आणि मन काही उजळेना.

शेजारीण दारातून सगळं बघत होतीच. ती सासूला म्हणाली, "अक्का, तुम्ही फार भोळ्या. सोंगं आहेत ही. काम नको, माहेर हवं. नेऊन सोडा एकदाची तिला आणि दुसरी बघा मुलाला. तुमच्या मुलाला काय, शंभर मिळतील."

"शंभर नकोत गं बाई, एक धड असली तरी पुरे," सासू म्हणाली. पण बोल मनात रुतला. मुलगा बायकोकडे बघायचा, आईकडे बघायचा आणि उठून हिरडे वेचायला रानात निघून जायचा.

शेवटी सासूनेच ठरवलं. पोरगी इथे राहिली तर जगायची नाही. तिच्या आईच्या ओटीत परत घालावी, मग देव ठेवील तसं. तिने देवापुढे साखर ठेवली, सुनेची ओटी भरली आणि तिघं सकाळीच निघाली. तिला परत आणायचं की नाही, हे कोणी बोललं नाही. सुनेला मात्र ते न बोलता कळलं होतं. तिने जाताना तुळशीला हात लावला आणि खाली मान घालून चालू लागली.

गावाच्या पूर्वेला एक खिंड होती. तिथपर्यंत धुकं इतकं दाट, की पुढे चालणाऱ्या मुलाचं नुसतं इरलं तेवढं दिसायचं. खिंड ओलांडली, वाट वळली आणि धुकं एकाएकी संपलं. खाली लांबवर माळ पसरला होता आणि त्या सगळ्या माळावर लख्ख ऊन पडलं होतं.

सून जागच्या जागी उभी राहिली. तिने हात जोडले, डोळे मिटले. तिच्या मिटल्या डोळ्यांवर, गालांवर, ओल्या पदरावर ऊन पडलं. बराच वेळ ती हलली नाही. मग ओढ्यावर गेली, ओंजळीने अर्घ्य दिलं आणि परत येऊन म्हणाली, "आत्याबाई, भूक लागली."

कित्येक दिवसांत तिने असं मागितलं नव्हतं. सासूने घाईघाईने फडकं सोडलं. सुनेने भाकरी खाल्ली, वर चटणी मागून घेतली. खाता खाता बोलायला लागली. तो पक्षी कुठला, ते झाड कसलं, इथल्या मातीत घेवडा काय छान येईल. बोलता बोलता गुणगुणायला लागली. मुलगा घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला.

सासूचे मात्र वेगळेच हाल चालले होते. उन्हात बसून तिचं डोकं ठणकायला लागलं. मानेवरून घाम निथळायला लागला. "हे फडकं असं कोणी बांधलं? निम्मी चटणी सांडलीय," ती म्हणाली. मग पाणी कोमट आहे म्हणाली. मग मुलावर घसरली, "आणि तू दगडासारखा काय बसलायस? सावली बघायची अक्कल नाही?"

"आई, फडकं तूच बांधलंस," मुलगा हळूच म्हणाला. "आणि हेच पाणी मघाशी खिंडीत गार आहे म्हणून आवडीने प्यालीस."

सासू बोलता बोलता थांबली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला ती अशीच एकदा भर वैशाखात खाली गेली होती आणि मानाच्या साडीच्या रंगावरून विहिणीशी भांडली होती. अजून त्या घरात तिला भांडकुदळ म्हणतात. तिला आजवर वाटायचं, ती माणसंच वाईट. विहीण वाईट नव्हती आणि तीही वाईट नव्हती. सासूला ऊन सोसत नव्हतं एवढंच. तेव्हा कोणी तिला नुसतं सावलीत नेऊन बसवलं असतं, तर ती दोन घरं आज एकमेकांकडे जेवायला गेली असती.

आणि वर धुक्यात बसून रडणारी ही पोर? तिला कोणी उन्हात नेऊन बसवलं होतं?

"चला, ऊन चढायच्या आत माहेर गाठू," मुलगा उठत म्हणाला.

"माहेर नाही गाठायचं," सासू म्हणाली. "इथेच बघ. या ओढ्याकाठी खोपी घाल. आषाढ ते भाद्रपद तुम्ही दोघं इथे राहा. आश्विनात आकाश मोकळं झालं की या वर आपल्या घरी."

"आणि तू?"

"मी वर. मला माझं धुकं बरं. इथे राहिले तर रोज तुझ्या अंगावर ओरडेन."

सून घाबरली. "आत्याबाई, माझ्या व्रतापायी घर मोडायचं नाही. मी सोडते व्रत."

"घर मोडत नाहीये गं, जरा लांब होतंय," सासू म्हणाली. "आणि व्रताचं म्हणशील, तर ते मीठ आणि गूळ आधी खायला लाग. देवाने कधी मागितलं होतं तुझ्याकडे?"

"लोक म्हणतील, सासूसुनेचं पटेना," मुलगा म्हणाला.

"म्हणू देत. लोक काय माझ्या सुनेला भूक लावून देणार आहेत?"

लोक म्हणालेच. शेजारणीने पाणवठ्यावर सांगितलं, की सुनेने वर्षाच्या आत वेगळी चूल मांडली आणि अक्का बसल्या देव्हाऱ्यातल्या देवाशी बोलत. सासूने ऐकलं आणि कळशी भरून घेतली. दर दोन-चार दिवसांनी पहाटेच्या गारव्यात ती खिंड ओलांडायची, सुनेला खरवस, लोणचं काहीतरी द्यायची आणि ऊन तापायच्या आत परत फिरायची. जाताना घरातली एक ओली वाकळ न्यायची, येताना वाळलेली आणायची.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी सासूने गावातल्या बायकांना सांगावा धाडला, की सुनेने सूर्यनारायणाची पूजा मांडलीय, सगळ्यांनी या. कोणी भक्तीने आल्या, कोणी नुसतं बघायला. शेजारीण सगळ्यात पुढे होती.

खिंड ओलांडून बायका उन्हात आल्या आणि बघतच राहिल्या. खोपीवर घेवड्याचा वेल चढला होता. ओढ्याकाठच्या कातळावर हिरडे वाळत होते. आणि ओलेत्या केसांनी, हातात तांब्या घेऊन, भरल्या अंगाची सून पूर्वेला तोंड करून उभी होती. तिची ओवी खिंडीपर्यंत ऐकू येत होती. पूजा झाली, खिरीचा प्रसाद झाला. सुनेने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, प्रत्येकीची चौकशी केली, थट्टा केली. गावातल्या बायकांनी ही सून आषाढापासून पाहिलीच नव्हती.

सासू झाडाच्या सावलीत बसून वाती वळत होती. हळूहळू शेजारीण सरकत तिच्याजवळ आली.

"अक्का," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आमची धाकटी पण पावसात अशीच करते. मुकी होऊन बसते. मी तिला फार बोलले हो."

"मग आता नको बोलू."

"ते झालंच. पण इथे अजून एक खोपी बसेल का?"

सासूने वात खाली ठेवली आणि माळाकडे हात केला. "बघ की, केवढा आहे."

पुढल्या आषाढात त्या ओढ्याकाठी खोप्यांची एक ओळच उभी राहिली. धुक्यात मिटणारी माणसं तीन महिने खाली यायची, उन्हाने करपणारी वर राहायची, आणि दोन्हीकडची मुलं वाळलेली पांघरुणं घेऊन खिंडीतून पळत सुटायची. आश्विनात सगळे वर आले की गावात इतकी गाणी व्हायची, की देवळातल्या गुरवांना घंटा दोनदा वाजवावी लागायची.

तात्पर्य काय, तर घरातलं कुणी कोमेजलं की दोष लावण्याआधी त्याला कुठली हवा मानवते ते पाहावं आणि तिथे त्याला मायेने राहू द्यावं; मन फुललं की देवाचं नावही गोड लागतं आणि घरही जोडलेलं राहतं.