हंडे वर धरा!

जमाव हाताळण्याचे नियम नव्यानं लिहायचे म्हणून परवा आम्हा पेन्शनर हवालदारांनाही ठाण्यात बोलावलं होतं. चहा चांगला होता. माझं मन मात्र पस्तीस वर्षं मागं, सोजराबाईपाशी जाऊन बसलं.

तेव्हाही नियम नवेच आले होते. आमच्या रणनवरे साहेबांनी ते तोंडपाठ केले होते आणि कधी एकदा वापरतो असं त्यांना झालं होतं. त्या उन्हाळ्यात गावचे नळ नऊ दिवस कोरडे राहिले, तशा दोनशे बाया रिकामे हंडे घेऊन तहसील कचेरीपुढं येऊन बसल्या. साहेबांनी आगीचा बंब आणून उभा केला आणि कर्णा तोंडाला लावला.

"पाच मिनिटांत उठला नाहीत, तर पाण्याचा मारा करीन!"

मग पुढं बसलेली म्हातारी सोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मागं वळून ओरडली, "बायांनो, सायेब पाणी देतो म्हणत्यात. हंडे वर धरा गं!"

दोनशे हंडे वर गेले. आम्ही शिपाई हसू दाबत जमिनीकडं बघत राहिलो. साहेबांनी कर्णा खाली ठेवला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "रांग लावा."

तासाभरात मैदान मोकळं झालं. अहवालात 'वापरलेले बळ' असा रकाना होता. तिथं काय लिहू म्हणून मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "लिही, दोनशे हंडे पाणी."

परवा नव्या साहेबांना मी एवढंच सुचवलं, की तो रकाना काढू नका.