ओसरीतले वाघ

घाटातल्या एका उंच कड्यावर सात वर्षे एका बिबट्याचा अंमल होता. गुहा त्याची, झऱ्याचे पाणी त्याचे. मुलांनो, रानात सातबारा नसतो. रोज सकाळी हद्दीवरच्या झाडावर नख्या ओढायच्या आणि आपला वास ठेवायचा, एवढीच तिथली मालकी. बिबट्या या नेमाचा पक्का होता. हुंगल्याशिवाय तो पाण्यालाही तोंड लावत नसे.

एकदा पायथ्याच्या बंगल्यात एक चित्रकार उतरला. त्याने दारापेक्षा मोठे चित्र रंगवले, वाळायला ओसरीत उभे केले आणि तो आत जेवायला गेला. ते पाहून एक माकड धापा टाकत कड्यावर आले. "दादा, खाली चला. तुमचा कडा गेला."

"सकाळीच नख्या ओढल्यात. कुणाची छाती आहे?" बिबट्या गुरगुरला. पण बंगल्याच्या कुंपणाशी त्याचे पाय थिजले. समोर त्याचाच कडा, त्याचाच झरा, हद्दीवरचे तेच वाकडे अंजनाचे झाड. झाडाखाली पट्टेरी वाघ आणि वाघीण. त्याच्या गुहेच्या तोंडाशी तीन बछडे. तो स्वतः मात्र कुठेच नव्हता.

"हे केव्हा झालं?" त्याने कसेबसे विचारले.

"मला काय ठाऊक? पण हलत नाहीत हो. जरा हुंगून तरी बघा."

"वाघाच्या नाकाला नाक लावू? तू लाव." एवढे बोलून बिबट्याने अशी धूम ठोकली, की तो थेट नदीपलीकडच्या परक्या रानात जाऊन थांबला.

तिथे त्याला कुणी टिकू देईना. पंधरा दिवसांनी, पोट खपाटीला गेलेले, निदान वाघाकडे घोटभर पाणी मागावे म्हणून तो परतला. झऱ्यावर एक अधू डोळ्यांचा म्हातारा बिबट्या पाणी पीत होता.

"वाघ कुठे गेले?" याने दबकत विचारले.

"कसले वाघ? खाली ओसरीत एक रंगवलेलं फडकं होतं. मला धड दिसत नाही, म्हणून आधी हुंगलं. नुसता तेलाचा वास."

"पण हा कडा माझा आहे."

"आठ दिवस वाट पाहिली. नख्या ओढायला कुणी आलं नाही. आता माझा."

बिबट्याने अंजनाचे खोड हुंगले. पुन्हा हुंगले. सात वर्षांचा त्याचा वास तिथे उरला नव्हता.

तात्पर्य : भीती पारखून घ्यावी, मगच पाय काढावा. न पारखता सोडलेले घर मालकाची वाट पाहत नाही.