गुळणीचं टाकं

नागपंचमीचा दिवस, सूर्य कासराभर वर आलेला. नेमक्या त्या वेळी हे सुरू झालं, असे सांगतात. डोंगरावरच्या या कातळटाक्यापाशी पाहुणे आले की म्हातारे सुभानआबा इथूनच सुरुवात करतात. टाक्याशेजारी उघड्या कातळावर हिरवळीचा एवढासा पट्टा आहे. वैशाखातही वाळत नाही.

श्रावणात इथे पोथी लागायची. त्या वर्षी ठकूबाईची हंसा वाचायला बसली. बापाविना पोर. चुलता धोंडिबा आधीच बजावून बसलेला, "अध्याय एकटीनं वाचला तर शिकू दे. नाहीतर उद्यापासून शेळ्यांमागं."

हंसा एका शब्दाशी अडली. चुलत्यानं लगेच तो सांगून टाकला. पुढचा मावशीनं, त्याच्या पुढचा सगळ्या आळीनं. वर्षानुवर्षं ऐकून पोथी सगळ्यांना तोंडपाठ! पोरीचे ओठ हलायच्या आत ओळ संपायची. आणि वर धोंडिबाच म्हणाला, "बघा, हिला कुठं येतंय?"

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येतंय का नाही ते कळू तर द्या! पोरीच्या तोंडचा घास तुम्हीच चावता, आन् वर तिलाच दात नाहीत म्हणता?" तिनं टाक्यात घागर बुडवली. "घ्या एकेक गुळणी. अध्याय संपायच्या आत जो गिळील, त्याची वाचा बसंल. माझी आण आहे!"

तिचे डोळे बघून सगळ्यांनी तोंडात पाणी धरलं, तिनंही धरलं.

हंसा पुन्हा अडली. धोंडिबाला राहवलं नाही. त्यानं पाणी गिळलं, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना म्हणे. लेकीनं आईकडे बघितलं. ठकूबाईच्या जिभेवर शब्द नाचत होता, गाल पाण्यानं तटतटलेले. तिनं मान फिरवली. जीव तुटला, पण फिरवली.

पोरीनं अक्षराखाली बोट धरलं. एकेक जुळवलं. शब्द सुटला, मग ओळ, मग पान.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा अध्याय संपला. सगळ्यांनी कातळावर गुळण्या टाकल्या, तिथेच ही हिरवळ उगवली, असे सांगतात. शेळ्या पुढे धोंडिबानंच राखल्या.

आजही या गावात पोर वाचायला बसलं की घरचे तोंडात पाणी धरतात. सुभानआबा काठी आपटून म्हणतात, "पाव्हणं, टाकं बघून नुसतं माघारी जाऊ नका. घराघरात सांगा, पोर अडलं तर अडू द्या. तुमची तोंडं आवरा!"