सावेरीची रिकामी चौकट

"पिशवीत नव्याण्णव मुळ्या असताना ती मेलीच कशी, असं लोक विचारतील. मी काय उत्तर देऊ, आबा?"

भिवाआबा पडवीत बसून एका बाहुलीचा दोरा बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण मेली?"

"सावेरी."

"खंयची?"

"आमच्या खेळातली."

"मगे तसा सांग."

शार्दूल कोचरेकर पुण्यात संगणकावरचे खेळ बनवतो. लहानपणी तो आणि त्याची धाकटी बहीण वृंदा दर मे महिन्यात आजोळच्या गावी आले की आबांच्या याच पडवीत येऊन बसत आणि त्यांच्याकडून कळसूत्री बाहुल्या नाचवायला शिकत. वृंदाचा हात लवकर बसला. शार्दूलचा दोरा गुंतायचा, आणि गुंतला की तो म्हणायचा, हे धरायचं नाही, पहिल्यापासून करू. त्याला हरणं ठाऊक नव्हतं. हे त्यानंच सगळ्यांना सांगितलेलं होतं.

त्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन उघडला. पडद्यावर चौकटी चौकटींचं रण होतं. एका बाजूला बारा माणसं, दुसऱ्या बाजूला राक्षसांची फौज. आधी यांची पाळी, मग त्यांची.

"ही सावेरी. फौजेतली वैद्य. लढाईत आपलं कुणी पडलं की तीन पाळ्यांच्या आत त्याला अमृतमुळी द्यायची. पडलेला उठतो."

"कितीय वेळा?"

"कितीही. पिशवीत मुळ्या असेपर्यंत."

"बरा आसा."

"पण नवव्या अध्यायात लढाई नाही, तिथे गोष्ट आहे. गोष्टीत सावेरीला बाण लागतो, ती चार शब्द बोलते आणि मरते. तिथे मुळी चालत नाही. खेळणारा बघत राहतो, त्याच्या हातात काही नसतं. असल्या खेळांत असंच असतं, आबा. लढाईतलं मरण वेगळं आणि गोष्टीतलं मरण वेगळं."

"लोकांका चालता?"

"कुरकुर करतात. पण चालवून घेतात."

"मगे तुझा काय दुखता?"

शार्दूलने पडद्याचा उजेड उगाच कमीजास्त केला.

"मी ते बदललंय," तो म्हणाला. "माझ्या खेळात गोष्टीतही मुळी चालेल. सावेरी मरणार नाही. उद्या सकाळी खेळ बाहेर पडतोय. बरोबरचे सगळे नको म्हणतायत, जुना शेवटच राहू दे म्हणून मागे लागलेत. तुम्ही फक्त एकदा म्हणा, की गोष्ट बदलली तर चालतं. तेवढ्यासाठी रात्रभर गाडी चालवत आलोय."

"गोष्ट कोणी लिवल्यान?"

"... वृंदाने."

आबांचा हात दोऱ्यावर थांबला.

वृंदाला जाऊन आठ महिने झाले होते. आबांना ते कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी बाहुल्यांची पेटी उघडली नव्हती.

"आवाजही तिचाच आहे," शार्दूल म्हणाला. "सावेरीचा."

"ऐकव."

त्याने बदललेला नववा अध्याय लावला. बाण आला. सावेरी पडली. कुणीतरी धावत येऊन तिच्या तोंडात मुळी घातली.

"उठले. चला."

पडवीत वृंदा बोलली. आजारपणाच्या आधीचा, मोकळा, थोडा थट्टेखोर आवाज. आबांनी डोळे मिटले.

"मगे?"

"मग दहावा अध्याय."

"थंय ती काय बोलता?"

"उठले. चला."

"अकराव्यात?"

"... तेच."

"रे, माणूस कायतरी बोलता. भूक लागली म्हणता, पाय दुखतत म्हणता. भांडता."

"वृंदाने पुढे तिच्यासाठी काही लिहिलंच नव्हतं. लिहिणार कशाला? सावेरी मेली होती." शार्दूलचा आवाज चढला. "लढाईत मुळी मिळाली की म्हणायचं एवढंच एक वाक्य माझ्याकडे आहे. मी तेच पुढे सगळीकडे लावलंय."

त्याने दहावा अध्याय दाखवला. शेकोटीभोवती अकरा जण बसले होते. एकमेकांची टर उडवत होते, उद्याच्या लढाईला घाबरत होते, एक जण आईची आठवण काढून रडत होता. सावेरी कडेला उभी होती. तिच्या पापण्या तेवढ्या ठरावीक वेळाने मिटत आणि उघडत होत्या. उरलेले चारही अध्याय ती तशीच होती.



"वृंदान काय लिवलेला?"

"तिचं वेगळंच होतं. सावेरी जिथे पडते ती चौकट शेवटपर्यंत रिकामी ठेवायची. आपल्यातला असो की राक्षस, कुणालाच तिथे पाय ठेवता येणार नाही. त्याच रणात शेवटची लढाई आहे. सगळ्यांना वळसा घालून जावं लागेल." तो थोडं हसला. "खेळणाऱ्याला केवढी अडचण. मी ते काढून टाकलं."

आबांच्या घरची एक रीत आहे. पडद्यामागे आडव्या बांबूवर प्रत्येक बाहुलीची खुंटी ठरलेली असते. खेळात जी बाहुली मरते तिचे दोरे नुसते सैल सोडून चालत नाही. नाचवणाऱ्याने तिला स्वतःच्या हाताने आडवं ठेवायचं, वर कापड घालायचं, आणि खेळ संपेपर्यंत तिची खुंटी रिकामी ठेवायची. जागा कितीही कमी पडो, तिथे दुसरं काही टांगत नाहीत. नऊ वर्षांची असताना वृंदाने विचारलं होतं, असं का? आबांनी सांगितलं नव्हतं. नंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

"ती कशी गेली?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"गेली, ह्या माहीत आसा. कशी, ता नाय."

शार्दूलने लॅपटॉप मिटला.

"रक्ताचा आजार. शेवटचे एकोणीस दिवस आयसीयूमध्ये. तीनदा हृदय थांबलं. तीनदा चालू केलं." तीनदा म्हणताना त्याने तीन बोटं वर केली होती. जिंकलेल्या डावांची मोजदाद करावी तशी. त्याची त्यालाच ती बोटं दिसली आणि त्याने हात खाली घेतला.

"डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. तेही तेच म्हणाले. मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. परदेशातल्या एकांना कागद पाठवून विचारलं. ते म्हणाले, शंभरात दोन. शंभरात दोन म्हणजे शून्य नाही, आबा. मी त्याहून वाईट डाव फिरवलेत."

"आणि ती?"

"तिच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. पाटी दिली होती लिहायला."

"काय लिवल्यान?"

"घरी," शार्दूल म्हणाला. "पहिल्या दिवशी लिहिलं, घरी. दुसऱ्या दिवशी पण. मी ते पुसायचो आणि त्याच पाटीवर लिहायचो, थांब."

"मगे?"

"पाचव्या दिवसापासून तिने पाटी हातात घेतली नाही."

आबा उठले. आत जाऊन त्यांनी पेटीतून एक बाहुली आणली. पांगाऱ्याच्या लाकडाची राणी, रंग उडालेली, अंगावर विटकं हिरवं वस्त्र. दोऱ्यांची काठी त्यांनी शार्दूलच्या हातात दिली.

"धर."

"कशाला?"

"रणात पडलेली राणी आसा. तू धरलंस तवसर ती उभी. सोडलंस काय पडली. धर."

शार्दूल उभा राहिला. त्याने हात पुढे करून काठी धरली. राणी पडवीत उभी राहिली.

"एवढंच?"

आबा आपल्या जागी जाऊन पुन्हा दोऱ्याला लागले.

शार्दूलला ही परीक्षा वाटली, आणि परीक्षा म्हटलं की त्याला चेव येई. त्याने पाय रोवले. कोपर कुठेही टेकवलं नाही. पायरीवर असलेलं ऊन हळूहळू आत सरकलं आणि त्याच्या पावलांवर आलं. त्याच्या कपाळावरून घाम वाहू लागला. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

खिशातला फोन वाजला. वाजत राहिला.

"त्यांचाच असणार," शार्दूल म्हणाला. "कुठला शेवट पाठवायचा ते विचारतायत."

"घे मगे."

"कसा घेऊ? हिला सोडलं तर पडेल."

फोन थांबला.

खांद्यात कळ भरली. त्याने दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला. राणी आधी नुसती डुलली, मग तिच्या अंगातून कंप जाऊ लागला.

"ही थरथरतेय, आबा."

"ती नाय."

शार्दूलने ओठ आवळले. आता तिचे दोन्ही लाकडी हात एकमेकांवर आपटू लागले. टक टक, टक टक. कुणी हात जोडून नको, नको म्हणावं तसे. तो आवाज सबंध पडवीत भरला. त्याने काठी वर उचलून पाहिली, खाली घेऊन पाहिली. आवाज थांबेना.

"थकलंस?"

"नाही."

"बरा."

टक टक. टक टक.

तो खाली बघत होता. राणीच्या रंग उडालेल्या तोंडाकडे, त्या आपटणाऱ्या हातांकडे. मग त्याच्या तोंडून एक हुंदका फुटला. आठ महिन्यांत तो रडला नव्हता. तिचे दिवस घातले तेव्हाही नाही, पाटी घरी आणली तेव्हाही नाही. आता रडू आलं तर डोळे पुसायचीही सोय नव्हती, आणि पाणी त्याच्या हनुवटीवरून राणीच्या वस्त्रावर पडत राहिलं.

आबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. पेटीतलं एक धुतलेलं पांढरं कापड काढून त्यांनी ते शार्दूलच्या पायाशी, सारवलेल्या जमिनीवर पसरलं. चारही कोपरे हाताने सारखे केले. मग ते भिंतीला टेकून बसले.

फोन पुन्हा वाजू लागला.

"आबा ..."

"हं."

"हिला ... खाली ठेवू का?"



"माका कित्याक इचारतंस?" आबा म्हणाले. "तिका इचार."