साखरेच्या काचेतली बोरे

एका राज्यात, जिथे वाट चुकलेल्याला झाडे रस्ता सांगत आणि नदी विचारल्यावाचून पूर आणीत नसे, वीरभान नावाचा राजा राज्य करीत होता. राणी देवाघरी गेलेली. एकुलती एक लेक इंदुलेखा, सात वर्षांची, बडबडी आणि भारी खादाड. तिच्या पोटाची सारी काळजी मुदपाकखान्याच्या म्हाळसाबाईवर होती. चाळीस वर्षे त्या बाईने राजवाड्याची चूल सांभाळली होती, आणि तिच्या हातचा पदार्थ बिघडला असे म्हणायची चाळीस वर्षांत कोणाची छाती झाली नव्हती. अशा माणसाचे जे व्हायचे तेच तिचे झाले. आपल्याला सारे येते असे तिला वाटू लागले.

राजकन्येच्या वाढदिवशी हिमपर्वतापलीकडल्या महाचीन देशातून एक म्हातारी जादूगारीण आली. खांद्यावर साळुंकी, हातात बांबूच्या काड्यांची जुडी. तिने चुलीचा एक कोपरा तेवढा मागून घेतला. काड्यांत लाल बोरे ओवली आणि त्यांवर साखरेचे असे कवच चढवले की बोरे काचेत बसवल्यासारखी दिसू लागली. पोरीला हे आत्ताच्या आत्ता द्या, एवढे सांगून ती दरबारात जाऊन बसली.

आता मुदपाकखान्याची रीत अशी होती, की पदार्थ झाला की तो ओल्या फडक्याखाली झाकायचा. आधी कुलदेवीचा नैवेद्य, मग राजाचे ताट, मग लेकराची वाटी. म्हाळसाबाईने रीतीप्रमाणे काड्या झाकल्या आणि परक्या बाईने आपल्याला शिकवू नये असे मनाशी म्हणून घेतले. दोन प्रहरांनी ताट वाढले, तोवर कवचाचे पाणी झाले होते आणि बोरे चिकट लगद्यात लोळत होती. दरबार खदखदून हसला. राजाने आपले हसू मिशीआड लपवले, पण ते नीट लपले नाही.

म्हातारी उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच सगळे गप्प झाले.

"आठ महिने चालून मी ही भेट आणली. या घरात माझ्या कामाची माती झाली. आता याच घरच्या चुलीवर, याच घरच्या हातांनी, मी दिली होती तशी काडी या पोरीच्या तोंडी पडेपर्यंत, ही खाईल त्याची माती होईल."

ती निघून गेली. संध्याकाळी इंदुलेखेने लाडवाचा घास घेतला आणि ओंजळीत माती थुंकली. पेज दिली, तिचा चिखल झाला. दूध दिले, तोंडात गाळ उरला. पाणी तेवढे पाणी राहिले. वैद्य आले, मांत्रिक आले, लांबलचक बोलून आणि भरपेट जेवून गेले. पाचव्या दिवशी पोरीच्या हातातल्या बांगड्या आपोआप गळून पडल्या आणि बडबड पार थांबली. राजा म्हातारीला शिव्याशाप देत होता, की कामच कच्चे करून आणले आणि वर शाप दिला. म्हाळसाबाई ते ऐकत होती आणि मान खाली घालून भांडी पुसत होती. फडके कोणी टाकले हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. तिला रात्रंदिवस तेच दिसे, पण जीभ उचलत नव्हती. मला त्या बाईची कीव येते. चाळीस वर्षांचे नाव सोडणे सोपे नसते.

त्या पाचव्या दिवशी मुदपाकखान्याच्या खिडकीत म्हातारीची साळुंकी येऊन बसली.

"बाई रागावली," साळुंकी म्हणाली, "पण मला मागे ठेवून गेली. विचार, सांगेन. एका वेळी एकच."

"बोरे कुठली?" म्हाळसाबाईने विचारले.

"राक्षसाच्या बनातली. पण कोरडी. थेंबभर पाणी असले तरी साखर फळाला धरणार नाही."

बन दिवसाच्या वाटेवर होते. तिथला राक्षस ताडाएवढा उंच, आणि तो अखंड रडत असे. त्याच्या आसवांनी झाड न् झाड भिजलेले. म्हाळसाबाईने चार बोरे तोडून पदराने पुसली, तोवर वरून पुन्हा धार लागली. तेव्हा तिने परडी खाली ठेवली, राक्षसाच्या अंगठ्याशी बसली आणि काय झाले ते विचारले. हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. लोक येत, बोरे चोरीत आणि पळून जात. त्याची बायको दोनशे वर्षांपूर्वी वारली होती आणि तिचे नाव ऐकणारे कोणी उरले नव्हते. रात्रभर तो सांगत राहिला आणि बाई हुंकार देत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डोळे पुसले. ऊन पडले, बोरे वाळली. राक्षसाने आपल्या हाताने परडी भरून दिली आणि देठाजवळची ओल नीट टिपून घे असेही बजावले.

सातव्या दिवशी ती परतली. पोरगी उशीवर डोके टेकून पडली होती. म्हाळसाबाईने खिडकीकडे पाहिले.

"पाक कसा?"

"साखर दोन वाट्या, पाणी एक वाटी. चुलीवर ठेव आणि हात लावू नको. ढवळायचे नाही."

बाईला वाटले, यात काय अवघड? पण पाकाला पहिला बुडबुडा आला आणि हात आपोआप डावाकडे गेला. दोन वेढे दिले न दिले, तोच पातेल्यात साखरेची पांढरी रेव जमली. तिने दुसरे पातेले चढवले. या खेपेस डाव फळीवर ठेवला, तर नुसत्या उलथण्याच्या टोकाने कड खरवडली, आणि पुन्हा रेव. चाळीस वर्षे ढवळलेला हात तो, एका दिवसात कसा ऐकणार? दोन दिवस अशीच पातेली वाया गेली. वर माडीवर पोरगी आता पाणीही मागत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी बाईने मुदपाकखान्यातले सारे डाव, उलथणी, झारे बाहेर अंगणात नेऊन ठेवले, बोरे टिपून काड्यांत ओवून ठेवली, चुलीपुढे पाट मांडला आणि आपल्याच हातांवर बसली. पाक उकळला. बुडबुडे आधी लहान होते, मग मोठे झाले, मग दाट आणि संथ झाले. तिने गार पाण्यात एक थेंब टाकला. एकतारी झाला होता, ती थांबली. पुन्हा टाकला. गोळीबंद झाला होता. लाडवांसाठी ती इथेच पातेले उतरवीत असे, पण आज थांबली. रंग किंचित पिवळसर होऊ लागताच तिसरा थेंब टाकला, तो पाण्यात कडक झाला आणि बोटांत कट्कन मोडला.

"आता शेवटचे सांग," ती म्हणाली.

"चुलीपासून तोंडापर्यंत वाट नसावी. झाकायचे नाही, ठेवायचे नाही, कोणाची पाळी बघायची नाही."

माडी सात चौक ओलांडून होती, आणि वरच्या महालात पोरीचा ताप उतरावा म्हणून दासी ओले पडदे लावून वारा घालीत होत्या. तिथे पोचेपर्यंत काडी पाझरली असती. म्हाळसाबाईने पातेले निखाऱ्यावर सरकवून मंद ठेवले आणि धावत राजापुढे जाऊन उभी राहिली. राजकन्येला मुदपाकखान्यात न्यावे लागेल असे तिने सांगितले. राजघराण्यातल्या कोणी त्या उंबऱ्याआत पाऊल टाकले नव्हते, पणजोबाच्या पणजोबांनीही नाही. राजाने कारण विचारले.

"कारण ती काडी मी झाकली होती, महाराज. ओल्या फडक्याने. म्हातारीचे काम पक्के होते. बिघडवले मी."

बाईने मान खाली घातली आणि शिक्षेची वाट पाहू लागली. शिक्षा व्हायला हवी असे तिलाही मनापासून वाटत होते.

"तुम्ही झाकली," राजा शेवटी म्हणाला, "आणि मी हसलो. चला."

त्याने लेकीला स्वतः उचलले. ती इतकी हलकी झाली होती की त्याचा जीव गलबलला. सात चौक ओलांडून तो मुदपाकखान्यात शिरला आणि कोळशाच्या पोत्यावर तिला मांडीत घेऊन बसला. पुजारी दारातूनच ओरडला की देवीचा नैवेद्य अजून व्हायचा आहे. म्हाळसाबाईने ऐकले आणि काडी पाकात बुडवली. पातेले तिरके करून फिरवली, वर काढली, तूप लावलेल्या ताटावर टेकवली आणि दहा आकडे मोजले. साखर पारदर्शक होऊन आवळली. काडी सरळ पोरीच्या ओठांशी गेली.

इंदुलेखेने दात लावले. कडकन आवाज झाला. पोरगी चावत राहिली आणि सारे तिच्या ओठांकडे बघत राहिले, माती येते की काय म्हणून.

"आंबट," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि गोड."

राजाने तोंड भिंतीकडे वळवले आणि तो रडला. वीरभान राजाला रडताना कोणी पाहिले नव्हते, आज सगळ्या आचाऱ्यांनी पाहिले. वर माडीवर उष्ट्या वाट्यांत साचलेल्या मातीचे पुन्हा दूध झाले, पेज झाली, लाडू झाले. पोरीने एक बोर संपवले, दुसरे संपवले, आणि तिसरे चुलीशी उभ्या बाईच्या तोंडापुढे धरले.

देवीच्या आधी, राजाच्या आधी म्हाळसाबाईने कधी कण तोंडात टाकला नव्हता. ती मागे सरली.

"अक्का," पोरगी म्हणाली, "वितळेल ना."

म्हाळसाबाईने तोंड उघडले. साखर फुटली, आतून आंबट रस आला, आणि एक म्हातारी आठ महिने डोंगर चढून नेमके काय घेऊन आली होती ते तिला पहिल्यांदा कळले.

देवीला त्या दिवशी दुसऱ्या काडीचा नैवेद्य झाला, आणि देवीने काही तक्रार केली नाही. राज्यात पुन्हा पंगती उठू लागल्या, आणि राजकन्येच्या बडबडीने लोकांचे कान पुन्हा किटू लागले.

साळुंकीने खिडकीत पंख झाडले. उत्तरेला जाते, बाईला काय निरोप देऊ, असे तिने विचारले.

"सांग, मी झाकली होती," म्हाळसाबाई म्हणाली. तिने डोळे पुसले. "आणि सांग, फार सुंदर झाली होती."